फिनिक्सहून एका दिवसात जेरोम, कॉटनवुड आणि सेडोना: साठी ओलांडलेल्या जोडप्यांसाठी सविस्तर प्लॅन

अ‍ॅरिझोनात मुलांकडे राहायला आलेले बहुतेक आईबाबा लाल डोंगरांचं सेडोना बघतात ते शनिवारी, भर दुपारी, आणि गर्दीत. मुलांना सुट्टी तेव्हाच असते, निघेनिघेपर्यंत नऊ वाजतात, अकराला पोचलं की पार्किंग मिळत नाही, मग उन्हात चालत जायचं, फोटो काढायचे, कुठेतरी पिझ्झा खायचा आणि परत. मग घरी आल्यावर आई म्हणते छान होतं पण दमले. आम्ही दोघंही रिटायर्ड, लेक फिनिक्सजवळ चँडलरला असते, आणि आता आम्ही हा दौरा आमचा आम्ही करतो, मधल्या वारी, आमच्या वेगाने. ओळखीपाळखीचे सगळे कसं जायचं ते विचारत असतात म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतेय.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे, क्रम उलटा करा. सगळे आधी सेडोनाला जातात आणि वेळ उरला तर जेरोम, म्हणजे डोंगरावरचं जुनं खाणीचं गाव. तुम्ही आधी जेरोम करा आणि सेडोना दुपारी दोननंतर. जेरोमचा रस्ता चढाचा नि वळणांचा आहे, तो सकाळी ताज्या डोक्याने चालवलेला बरा. तिथे उतारावर चालायचं असतं, ते गुडघे दमायच्या आधी झालेलं चांगलं. आणि सेडोनाचे लाल डोंगर दुपारी उतरत्या उन्हातच खरे लाल दिसतात, कारण १७९ नंबरच्या रस्त्यावरून आपण ते पश्चिम बाजूने बघतो आणि तेव्हा ऊन नेमकं त्यांच्या तोंडावर असतं. सकाळी गेलात तर ऊन तुमच्या डोळ्यांत आणि डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे सगळ्यात चांगले महिने. मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकची, म्हणजे शाळा-कॉलेजांच्या सुट्टीची गर्दी असते पण मंगळवार-बुधवार निवडलात तर चालतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा मस्त थंड असते फक्त जेरोमला आणि सेडोनाला अधूनमधून बर्फ पडतं, आदल्या दिवशी बर्फाचा अंदाज असेल तर सरळ पुढे ढकला, आपल्याला कुठे रजा टाकायची आहे.

आता खरी अडचण अशी की आपल्याकडचे बरेच लोक एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने येतात, म्हणजे नेमका उन्हाळा. फिनिक्सला तेव्हा पारा ४३ डिग्रीच्या वर जातो. वर थोडं बरं असतं कारण उंची वाढते, फिनिक्स साधारण १,१०० फुटांवर, कॉटनवुड ३,३००, सेडोना ४,३०० आणि जेरोम ५,००० फुटांच्या थोडं वर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. पण वर म्हणजे गार असा समज करून घेऊ नका, जुलैत सेडोनाला दुपारी ३५-३६ डिग्री असतंच. शिवाय मध्य जूनपासून सप्टेंबरअखेर तिथला मॉन्सून. आपल्यासारखा दिवसभर रिपरिप नाही, सकाळी आकाश निळंशार आणि दुपारी तीनच्या सुमाराला एकदम ढग, वीज, धो-धो पाऊस आणि कोरड्या ओढ्यांना लोंढा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हाच प्लॅन दोन तास अलीकडे ओढा, पहाटे साडेचारला निघा आणि तीनच्या आत परतीला लागा. लाल रंग थोडा कमी मिळेल पण विजेत डोंगरावर उभं राहण्यापेक्षा ते परवडलं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि आडवं बॅरिकेड लावलेलं असेल तर त्याच्या पलीकडे गाडी अजिबात घालू नका, अ‍ॅरिझोनात त्यासाठी खास कायदाच आहे, अडकलात तर सोडवून आणायचा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकतात.

अजून एक, भारतातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यात हा दौरा नको. अ‍ॅरिझोनात घड्याळ मागेपुढे करत नाहीत त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात वर्षभर साडेबारा तासांचा फरक असतो, म्हणजे रात्रीचा दिवस. झोप बसू द्या, पायावरची विमानाची सूज उतरू द्या, मग जा.

गाडी कोण चालवणार आणि कागदपत्रं

एकूण फेरी फिनिक्समधून साधारण २७० मैल होते, म्हणजे ४३० किलोमीटरच्या आसपास, नुसतं ड्रायव्हिंग साडेपाच तासांचं. चँडलर-गिल्बर्ट बाजूला राहत असाल तर अजून पन्नासेक मैल धरा. दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल तर दर तासाला थांबायचंच, मी खाली जे थांबे दिलेत ते त्याच हिशोबाने आहेत. दोघांनाही जमत नसेल तर मुलांना एक वीकडेची सुट्टी काढायला लावा, वाढदिवसाची भेट म्हणून मागा, ती साडीपेक्षा बरी. फिनिक्सहून व्हॅनने जाणाऱ्या डे टूर पण मिळतात, पण त्यात थांबे त्यांचे असतात आणि बाथरूमची वेळ पण त्यांचीच.

ड्रायव्हिंग करताना फोन हातात धरणं २०२१ पासून दंडाचं आहे, म्हणून मॅप आधी लावून स्टँडवर ठेवा. मधे डोंगरात नेटवर्क जातं, आदल्या रात्री घरच्या वायफायवर ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. ओळखपत्र, इन्शुरन्सचं कार्ड आणि औषधांची यादी पाकिटात.

ज्यांचं ग्रीन कार्ड आहे किंवा सिटिझनशिप झालीय आणि वय ६२ पूर्ण आहे त्यांनी नॅशनल पार्कचा सीनियर पास जरूर काढा. वर्षाचा २० डॉलर, आयुष्यभराचा ८० डॉलर. जिथे माणशी तिकीट असतं तिथे एका पासवर तुमच्याबरोबर अजून तीन मोठी माणसं जातात, म्हणजे नवरा-बायकोत एक पुरतो. व्हिजिटर व्हिसावर असाल तर हा पास मिळत नाही, तुम्ही त्या-त्या ठिकाणचं तिकीट काढा, या दौऱ्यात तसा खर्च फारसा नाहीच.

आदल्या दिवशीची तयारी

पाणी माणशी तीन लिटर तरी. इथली हवा इतकी कोरडी आहे की घाम आलेला कळतच नाही, अंगावरच वाळतो, त्यामुळे तहान लागायची वाट बघितली तर डोकं दुखायला लागतं. एक बाटली साध्या पाण्याची, एक लिंबू-मीठ-साखरेची, पण बीपी असेल तर मीठ बेताने आणि पाण्याची, म्हणजे लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून घ्या की दिवसभर बाहेर असताना ती कधी घ्यायची. नाक कोरडं पडून रक्त येतं काहींना, नाकात खोबरेल तेलाचं बोट फिरवा, ओठांना तूप.

औषधं आणि इन्सुलिन पर्समध्ये ठेवा, गाडीत सोडू नका, बंद गाडी उन्हात अक्षरशः भट्टी होते. पॉवर बँकसुद्धा बरोबरच.

कपडे थरांचे. सकाळी निघताना स्वेटर लागतो आणि अकराला नकोसा होतो. सुती पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, गॉगल, आणि पायात ग्रिप असलेले बूट. साडी नेसणाऱ्यांनी या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घातला तर जेरोमच्या पायऱ्यांवर बरं पडतं. ह्यांची वॉकिंग स्टिक मी नेहमी डिकीत टाकते, लागो न लागो.

एक साधी दात असलेली फणी आणि चिमटा घ्या. हसू नका. वाटेत चोया नावाचं निवडुंग असतं, लांबून मऊ केसाळ दिसतं, पण नुसता कपडा घासला तरी त्याचा गोळा तुटून अंगाला चिकटतो, हाताने काढायला गेलात तर हाताला चिकटतो. फणी त्या गोळ्याखाली सरकवायची आणि लांब उडवायचं, मग राहिलेले काटे चिमट्याने.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या आणि कोरडी लसणीची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा. दहीभात नेणार असाल तर आइस पॅकच्या बॅगेत. बाहेर एक जेवण करायचंच पण हातात आपलं काहीतरी असलं की वेळेचं टेन्शन राहत नाही, आणि डायबेटिस असेल तर ते हवंच.

सकाळी साडेसहा: निघणे आणि पहिला थांबा

मधल्या वारी साडेसहाला निघालं की फिनिक्सचं ऑफिसचं ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत आपण शहराच्या बाहेर. रस्ता आय-१७ हायवे, सरळ उत्तरेला. इथले एक्झिटचे नंबर मैलांप्रमाणे असतात हे लक्षात ठेवलं की सोपं जातं, २४२ वरून २५२ ला जायचंय म्हणजे दहा मैल राहिले.

२४२ ला रॉक स्प्रिंग्ज म्हणून एक जुना कॅफे आहे, त्याचे पाय प्रसिद्ध आहेत, पाय म्हणजे फळं किंवा अक्रोडासारखा मेवा भरलेला गोड प्रकार. सकाळी नको, पण हे नाव ध्यानात ठेवा, येताना उपयोगी पडेल.

तिथून पुढे ब्लॅक कॅनियन सिटीनंतर चढ लागतो आणि या पट्ट्यात बाहेर बघत राहा. फिनिक्सपासून तुमच्या सोबत असलेले ते उंच, हात वर केलेले सग्वारो निवडुंग इथे डोंगरउतारावर दाटीने दिसतात आणि चढ संपेपर्यंत गायब होतात. त्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही, साधारण चार हजार फुटांच्या वर ते जगत नाहीत. एका सग्वारोला पहिला हात फुटायलाच ५० ते ७० वर्षं लागतात, म्हणजे ज्याला नुकताच छोटा हात आलाय तो जवळपास आपल्याच वयाचा. हे कळल्यापासून आम्ही दोघं गाडीतून असे आपल्या वयाचे शोधत जातो.

२५२ ला सनसेट पॉइंट. हायवेवरचा रेस्ट एरिया आहे, बाथरूम, बाकं, आणि समोर ब्रॅडशॉ डोंगरांची रांग. कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतो, निघायच्या आधी रस्त्यांची माहिती देणाऱ्या एझेड५११ च्या साइटवर बघून घ्या, बंद असेल तर पुढे २८७ ला कँप वर्दीत पेट्रोल पंप नि मॅकडोनाल्ड वगैरे सगळं आहे. इथे चहा घ्या, पाय मोकळे करा, पंधरा मिनिटं पुरे. कठड्याजवळच्या दगडांत हात घालू नका, उबेच्या दिवसांत रॅटलस्नेक असतात.

यानंतर पठार लागतं आणि मग कँप वर्दीकडे उतरणारा लांब उतार, कान बंद होतात, ट्रक हळू जात असतात. ब्रेकवर पाय दाबून बसू नका, गिअर खाली घ्या, उजव्या लेनमध्ये राहा.

साडेआठ: मॉन्टेझुमा कॅसल

एक्झिट २८९. हे आठला उघडतं (जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे निघालात तर म्हणून हे गाळून पुढे जा) आणि साडेआठला इथे शांतता असते, दहानंतर बसेस येतात. तिकीट माणशी १० डॉलर, सात दिवस चालतं आणि त्यात जवळचं टुझिगूट, म्हणजे जुन्या वस्तीचे अवशेष, तेपण धरलेलं आहे. सीनियर पास इथे चालतो.

बघायचं काय, तर चुनखडीच्या सरळ कड्यात, जमिनीपासून बरंच वर, पाच मजली घर. सिनाग्वा या इथल्या मूळच्या लोकांनी साधारण ९०० वर्षांपूर्वी बांधायला घेतलं, वीसेक खोल्या आहेत, आणि १४०० नंतर कधीतरी ते लोक इथून निघून गेले. होपी लोक त्यांना आपले पूर्वज मानतात. १९०६ साली अमेरिकेत जी पहिली राष्ट्रीय स्मारकं जाहीर झाली त्यांतलं हे एक. वर चढून जायला १९५१ पासूनच बंदी आहे, म्हणजे चढता येत नाही म्हणून हळहळायचं कारण नाही, विशीतलं पोरगंसुद्धा आपल्यासारखं खालूनच बघतं.

आमच्यासारख्यांसाठी याच्याइतकी सोयीची जागा या सगळ्या दौऱ्यात नाही. वाट पक्की, सपाट, पूर्ण चक्कर मैलाचा एक तृतीयांश, व्हीलचेअर आरामात जाते आणि मधे बाकं. वाटेवर पांढऱ्या खोडाची मोठमोठी सिकॅमोरची झाडं आहेत. एका झाडाखाली थांबून वर घराकडे नीट बघा, छताच्या तुळया दिसतील, त्या याच जातीच्या झाडाच्या आहेत, दगडी हत्यारांनी तोडलेल्या, आणि खालून शिड्यांनी वर नेलेल्या. आठशे-नऊशे वर्षं झाली तरी जागेवर आहेत कारण वरचा कडा पाऊस लागू देत नाही. मला हे बघून दरवेळी त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वाटतं, ती कशी चढ-उतर करत असतील, पाणी कोण आणून देत असेल. पाऊण तास द्या इथे, घाई करू नका.

दहा वाजता: जेरोम

२६० नंबरचा रस्ता धरून कॉटनवुड, मग क्लार्कडेल आणि तिथून वर जेरोम. कॉटनवुडलाच पेट्रोल भरून घ्या आणि बाथरूमला जाऊन या. शेवटचे चार-पाच मैल वळणांचे आहेत. गावात रस्ता अरुंद, मध्यभागी मेन स्ट्रीट नि हल अ‍ॅव्हेन्यू एकेरी आहेत, त्यामुळे एखादं वळण चुकलं तर मागे घेऊ नका, पुढून गोल फिरून या. पार्किंग पैसे भरून असतं, कार्ड हातात ठेवा. गाडी लावलीत की चाकं कडेला वळवून हँडब्रेक पक्का ओढा, उतार चांगलाच आहे.

जेरोम हे तांब्याच्या खाणीचं गाव. १८७६ च्या सुमाराला सुरुवात झाली, १९२० च्या दशकात इथे १५,००० पर्यंत लोक होते म्हणतात, १९५३ ला खाण बंद पडली आणि गाव जवळजवळ ओस पडलं. आज साडेचारशेच्या आसपास लोक राहतात, चित्रकार, कुंभार, दागिने करणारे, आणि जुन्या इमारतींत त्यांची दुकानं. सगळं गाव डोंगराच्या कडेला कसंबसं धरून उभं आहे. खाणीतल्या सुरुंगांनी जमीन इतकी हलली की गावातला तुरुंग मूळ जागेपासून सव्वादोनशे फूट खाली सरकला, तो अजून तसाच पडलेला दिसतो, हल अ‍ॅव्हेन्यूवर. तो गाडीतूनच बघा, पायऱ्या उतरून जायची गरज नाही.

गुडघेवाल्यांसाठी जेरोमचा नियम, एका पातळीवर फिरा. मेन स्ट्रीटचा मधला भाग त्यातल्या त्यात सपाट आहे, तिथली दुकानं बघा, दरीकडच्या बाजूला उभं राहिलं की समोर सगळं वर्दी खोरं आणि पार लांब सेडोनाच्या लाल कड्यांची रेघ दिसते, हवा स्वच्छ असेल तर त्याच्या मागे फ्लॅगस्टाफचे बर्फाचे डोंगर. खालच्या रस्त्यावर जायचं असेल तर गाडीने जा. उंचीमुळे दम थोडा लवकर लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण छातीत जड वाटलं तर बसून घ्या आणि बरं वाटलं नाही तर ९११, खाली कॉटनवुडला मोठं हॉस्पिटल आहे.

इथलं मला सगळ्यात आवडलेलं ठिकाण मात्र गावाच्या खालच्या अंगाला आहे, ऑड्री हेडफ्रेम पार्क. खाणीत माणसं आणि खनिज वरखाली करायचा तो जुना लाकडी सांगाडा, १९१८ चा, आणि त्याच्याखाली १,९०० फूट खोल सरळ विहीर. तिच्या तोंडावर जाड काच बसवलीय आणि त्या काचेवर उभं राहता येतं. खाली दिवे लावलेत, ते एका पातळीपर्यंत दिसतात आणि मग नुसता काळोख. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग अँटेनासकट आत टाकली तरी वर साडेचारशे फूट जागा उरेल. हे काचेवर पाय ठेवायला तयार नव्हते, मी उभी राहिले आणि मग मात्र बराच वेळ हलले नाही, रोज सकाळी इतक्या खोल उतरणाऱ्या माणसांचा विचार मनातून जाईना. फुकट आहे, पार्किंग शेजारीच, चालणं जवळपास नाही. त्याच्याच बाजूला डग्लस मॅन्शन, खाणमालकाचा १९१६ चा बंगला, आता सरकारी म्युझियम आहे, आत गावाखालच्या बोगद्यांचं मॉडेल ठेवलंय. त्याचं वेगळं तिकीट आहे आणि ते राज्य सरकारचं असल्याने नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही.

जेरोमहून पुढे मिंगस डोंगर ओलांडून प्रेस्कॉटला जायचा रस्ता सुंदर आहे पण नुसती वळणं, गाडी लागणाऱ्यांनी नाव काढू नये. या दौऱ्यात तो नकोच.

बारा वाजता: कॉटनवुडला जेवण

परत खाली या. ओल्ड टाउन कॉटनवुड म्हणजे एक छोटा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना हॉटेलं, कॅफे, वाइनची दुकानं. फूटपाथ चांगला, गाडी जवळ लागते. सेडोनाला जेवायला जाऊ नका, तिथे महाग आहे आणि वाट बघावी लागते.

शाकाहारी असाल तर मेक्सिकन जागी बीन्स मागवताना लार्ड आहे का विचारा, लार्ड म्हणजे डुकराची चरबी, रिफ्राइड बीन्समध्ये पारंपरिक पद्धतीने ती घालतात. आणि भातही बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. दोन्ही प्रश्न नीट विचारले की ते लोक अगदी न कंटाळता सांगतात. नाहीतर पिझ्झा, सॅलड आहेच. पोर्शन मोठे असतात, दोघांत एक मागवा.

जेवल्यावर लगेच गाडी चालवू नका. सीट मागे टाकून वीस मिनिटं डोळे मिटा, सावलीत, काचा खाली करून. आमची ही वामकुक्षी ठरलेली असते आणि दुपारचं ड्रायव्हिंग त्यामुळेच निभतं.

दोन वाजता: सेडोना

८९ए नंबरच्या रस्त्यावरून कॉटनवुड ते सेडोना साधारण अर्धा तास. आता पुढचा सगळा क्रम असा आहे की तुम्ही पश्चिमेकडून आत शिरता आणि दक्षिणेकडून बाहेर पडता, एकदाही उलटं यावं लागत नाही.

गावात शिरायच्या आधी उजवीकडे अपर रेड रॉक लूप रोड फुटतो. तो घेतला की क्रेसंट मून म्हणून पिकनिकची जागा आहे, ओक क्रीकच्या काठाला, सपाट, गवत, बाकं, बाथरूम, आणि पाण्याच्या पलीकडे कॅथीड्रल रॉक. कॅथीड्रल रॉकवर चढायचा ट्रेल अतिशय उभा आहे, हात टेकत चढावं लागतं, तो आपल्यासाठी नाहीच. इथे खुर्ची टाकून बसा आणि बघा. तीनच्या पुढे कड्यांचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो, आधी विटकरी, मग केशरी. या दगडात लोह आहे, त्याला गंज चढून हा रंग आलाय, आणि तो वाळूचा दगड जवळपास २८ कोटी वर्षांपूर्वीचा. प्रवेशाचे पैसे गाडीमागे वेगळे पडतात, रेड रॉक पास इथे चालत नाही. वेळ कमी असेल तर दुसरं काहीही गाळा पण हे गाळू नका.

रेड रॉक पासचं थोडक्यात सांगते कारण सगळे यात गोंधळतात. दिवसाचा ५ डॉलर, तो फक्त जंगल खात्याच्या ठरावीक पार्किंगमध्ये गाडी उभी करायला लागतो. चॅपलला, दुकानांजवळ, विमानतळाच्या टेकडीवर त्याचा संबंध नाही. सीनियर पास असेल तर तोच डॅशबोर्डवर दिसेल असा ठेवला की भागतं.

नंतर एअरपोर्ट मेसा. टेकडीवर छोटं विमानतळ आहे, गाडी थेट वर जाते, पार्किंगचे ३ डॉलर, रस्ता ओलांडला की कठडा आणि खाली सगळं सेडोना. पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी इथे सूर्यास्ताला झुंबड असते, आपण त्याच्या आधी निघून जातो.

खरेदी करायची असेल तर त्लाकेपाके, जुन्या मेक्सिकन गावासारखं बांधलेलं मार्केट, कारंजी, सावली, फरशीच्या वाटा, बसायला भरपूर. नावाजो आणि होपी कारागिरांचे चांदी-फिरोजाचे दागिने बघण्यासारखे असतात. खरेदी करणार असाल तर कारागिराचं नाव आणि फिरोजा खरा की बनवलेला हे विचारून बिलावर लिहून घ्या. ह्यांना तिथे झाडाखाली बसवून मी एकटी फिरते, दोघंही खूश.

मग १७९ ने दक्षिणेला. डावीकडे चॅपल रोड लागतो. चॅपल ऑफ द होली क्रॉस, दोन लाल खडकांच्या मधे काँक्रीटचं उभं चर्च, १९५६ ला पूर्ण झालं. मार्गरीट ब्रुन्सविग स्टाउडे या शिल्पकार बाईंनी ते उभं केलं, कल्पना त्यांना १९३२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग बघताना सुचली होती. आत फार कमी बाकं आणि समोर पूर्ण काच, देवापुढे बसलं की मागे डोंगर. प्रवेश फुकट, पाचला बंद होतं म्हणून चारच्या आत पोचा. खालच्या पार्किंगपासून रॅम्प चढाचा आहे, पण बरेचदा स्वयंसेवक गोल्फ कार्टने वर सोडतात, थांबून विचारा, संकोच करू नका, ती सोय आपल्यासाठीच आहे.

तिथून पुढे बेल रॉक आणि कोर्टहाउस ब्यूट, अगदी रस्त्यालगत. बेल रॉकच्या पार्किंगला बाथरूम आहे, तिथून रुंद मातीची वाट निघते, दोनशे पावलं गेलात तरी पुरे, वर चढायची गरज नाही. साडेचार-पाचचं ऊन या दोन डोंगरांवर पडतं तेव्हा फोटोला काही करावं लागत नाही.

या रस्त्यावर राउंडअबाउट खूप आहेत. आपल्याला उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसते, तर एवढं धरा, डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि आत शिरलं की न थांबता फिरायचं.

परत येताना

पाचच्या सुमाराला निघा, हिवाळ्यात असाल तर चारला, कारण डिसेंबरात तर साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. १७९ ने तसंच दक्षिणेला गेलं की एक्झिट २९८ ला आय-१७ मिळतो. सनसेट पॉइंटनंतर ब्लॅक कॅनियन सिटीकडचा उतार वळणांचा आहे आणि तिथे गाड्या जोरात जातात, तो भाग शक्यतो उजेडात पार पडला पाहिजे, ज्यांना मोतीबिंदूमुळे समोरचे लाइट फुटतात त्यांनी तर नक्कीच. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा. रविवारी दुपारनंतर फिनिक्सकडे येणारा हा रस्ता तुंबतो, म्हणूनच मी मधल्या वाराचा आग्रह धरते.

रॉक स्प्रिंग्जला थांबून पाय पार्सल घ्या, मुलांसाठी म्हणून. शाकाहारी असाल तर वरच्या पारीत लार्ड आहे का हे इथेही विचारायचं.

एका दिवसात हे सगळं जड वाटत असेल तर काय गाळायचं तेही सांगते. त्लाकेपाके गाळा, मग एअरपोर्ट मेसा. जेरोम गाळायचं असेल तर सकाळी टुझिगूट करा, क्लार्कडेलजवळ टेकडीवरचे ११० खोल्यांचे जुने अवशेष, तिकीट तुमच्याकडे आहेच. ग्रँड कॅनियन याच दिवसात बसवायचा मोह बऱ्याच मुलांना होतो, तो तुम्ही आधीच मोडून काढा, तो वेगळ्या दिवसाचा, खरं तर मुक्कामाचा विषय आहे. आणि मुक्काम करायचाच असेल तर कॉटनवुड किंवा कँप वर्दीला करा, सेडोनापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि दुसऱ्या दिवशी क्लार्कडेलहून सुटणारी वर्दी कॅनियनची रेल्वे घेता येते, चार तासांची फेरी, नदीकाठाने, गाडी दुसरं कोणीतरी चालवतंय आणि आपण दोघंही खिडकीत. तिचं बुकिंग मात्र आधी करून ठेवा, ऑक्टोबरात पानं पिवळी होतात तेव्हा जागा लवकर भरतात.